कुंदन सरांची रीत

कुंदन पाटील सरांच्या वर्गातली पोरं बोलत नसत.

मुकी होती असं समजू नका. शाळेच्या फाटकाबाहेर त्यांची तोंडं अशी चालायची की रस्त्यावरची कोंबडी वाट बदलून जावी. पण सर वर्गात शिरले की संपलं. पहिली-दुसरीची तेवीस पोरं, सेहेचाळीस डोळे, आवाज शून्य. प्रश्न विचारला की पाटीवर उत्तर लिहून दाखवत आणि ते बरोबर असे. हजेरीला हात वर करत. एकदा दलपतला विंचवासारखं काहीतरी दिसलं, तेव्हा त्या पहिलीतल्या पोरानं ओरडायचं सोडून उभं राहून नुसतं बोट दाखवलं होतं. सरांनी खाली पाहिलं तर तो विंचूच होता आणि चपलेपासून वीतभर लांब होता.

शाळा खांडबाऱ्यापासून सात-आठ किलोमीटर आत, डोंगराच्या कुशीतल्या एका पाड्यावर. दोन खोल्या, दोन शिक्षक. पाड्यावर अंगणवाडी यंदाच सुरू झाली; तोवर शाळेच्या वयाआधीची पोरंही पहिली-दुसरीच्या खोलीतच बसत. मुख्याध्यापक जोसेफ सर नवापूरकडचे, पाड्यावरच्या माणसांचीच बोली बोलणारे. तिसरी-चौथी त्यांच्याकडे, आणि त्या वर्गातला कलकलाट भिंत ओलांडून कुंदन सरांच्या शांत वर्गात यायचा तेव्हा कुंदन सर खडू खाली ठेवून तो ऐकत बसायचे. ते स्वतः शहाद्याकडचे, केळीच्या बागा असलेल्या घरातले. दोन वर्षांपूर्वी बदली होऊन इथे आले, नंदुरबारला खोली घेतली. रोज सकाळी गाडीनं खांडबारा, तिथून स्टेशनपाशी ठेवलेल्या मोटरसायकलनं पाडा. माणूस कष्टाळू होता, यात वाद नाही. स्वतःच्या हातानं तक्ते रंगवी, पोरांची नखं कापी. फक्त पोरं बोलत नव्हती.

हे खाजगीत राहिलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण मागच्या वर्षी विस्तार अधिकारी करणसिंग गिरासे साहेब तपासणीला आले, अर्धा तास वर्गात बसले, प्रत्येक पोराला नाव विचारून पाहिलं आणि जाताना शेरेबुकात तीन शब्द लिहून गेले: ‘मुले बोलत नाहीत.’ खाली झोकदार सही. त्या दिवसापासून कुंदन सरांना जेवण गोड लागेना. पुढच्या भेटीत पुन्हा तोच शेरा पडला, तर आपण मास्तर कशाचे, शेतातलं बुजगावणं बरं, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

"त्यास्नी तोंडं शिवेल शेतस का?" त्यांची बायको शीला विचारी.

"बाहेर बोलतस ना! मन्हासमोरच गप बसतस," सर म्हणत. "पोरेच काय, सगळा पाडा तसाच शे. मले वाळीत टाकेल शे त्यास्नी."

वाळीत टाकल्याचा त्यांच्याकडे पुरावाही होता. दोन वर्षांत पाड्यावरच्या एकाही घरातून ‘सर, चला जेवायला’ असा शब्द आला नव्हता. गेल्या उन्हाळ्यात दलपतच्या काकाच्या लग्नाला मोठ्या हौसेनं नवा शर्ट घालून गेले, तर सगळं गाव अंगणात पंगतीला, आणि सरांची खाट घराच्या मागे. तीही भिंतीकडे तोंड करून. दोन्ही बाजूंनी चादरी बांधलेल्या. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मोगराबाईनं मान दुसरीकडे वळवून डाळ-भाताचं ताट आत सरकवलं आणि ती पळालीच. चादरीच्या आत बसून कुंदन सरांनी चार घास गिळले ते डोळ्यांतल्या पाण्याबरोबर. पलीकडे ढोल वाजत होता आणि लोक हसत होते. आपल्यालाच हसताहेत, असं त्यांना वाटलं.

आता एक गोष्ट मात्र सर बायकोला सांगत नव्हते, कारण सांगण्यासारखी नव्हती. शाळेत दुपारी खिचडी मिळते, पण पोरं घरून सोबत सुकटीची चटणी आणतात, पळसाच्या पानात बांधून. पुड्या सुटल्या की खोलीभर वास. कुंदन सरांच्या घरात तीन पिढ्यांत कुणी मासळीला हात लावलेला नाही. पहिल्याच दिवशी त्यांच्या पोटात असं ढवळलं की डबा घेऊन त्यांनी खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून जेवले. पोरांना आपलं वाकडं झालेलं तोंड दिसू नये, एवढाच हेतू. दुसऱ्या दिवशीही तसंच. मग ती सवयच झाली. शिकल्या-सवरल्या माणसाला मासळीच्या वासानं मळमळतं हे कुणाला सांगायचं, म्हणून कुणाला सांगितलं नाही.

तर अशा परिस्थितीत श्रावणात वरून पत्र आलं. ‘वेगळे तरी आपले’ नावाचा उपक्रम. लहान मुलांना माणसामाणसांतलं वेगळेपण ओळखायला आणि त्याचा मान राखायला शिकवावं, पहिली-दुसरीच्या मुलांनी अर्ध्या तासाचा कार्यक्रम सादर करावा, आणि शुक्रवारी पाहायला कोण येणार, तर करणसिंग गिरासे साहेब.

कुंदन सर कामाला लागले. नंदुरबारच्या एका दुकानातून त्यांनी गॅदरिंगचे कपडे भाड्यानं आणले: पंजाब्याची पगडी, मद्राशाची लुंगी, गुजरातणीचा घागरा, आणि एक पिवळ्या-हिरव्या पानांचा झगा, सोबत कोंबड्याची पिसं लावलेला पट्टा. प्रत्येक पोरानं पुढे यायचं, एक वाक्य म्हणायचं आणि मागे जायचं. ‘मी पंजाबचा. मी पगडी घालतो.’ इतकं सोपं की न बोलणाराही बोलेल, असा हिशेब.

जोसेफ सरांनी तो पानांचा झगा दोन बोटांनी उचलला. "हा कोण?"

"आदिवासी."

जोसेफ सरांनी स्वतःच्या इस्त्रीच्या पँटकडे पाहिलं, खिशातल्या पेनाकडे पाहिलं, मग पुन्हा झग्याकडे. "बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले, "मला ओळखू आला नसता."

कुंदन सर कानापर्यंत लाल झाले आणि झगा पिशवीत गेला तो परत निघाला नाही. पण बाकीची तालीम जोरात सुरू होती. म्हणजे सर जोरात बोलत होते. पोरं पुढे येत, ओठ हलवत आणि मागे जात. पूर्ण पाठ, चुकीला जागा नाही, फक्त आवाज नाही. दुसरीतली प्रिस्किला, वर्गातली सगळ्यांत हुशार पोरगी, इतक्या मन लावून ओठ हलवायची की सरांना वाटे आपल्याच कानात काहीतरी बिघाड आहे. गुरुवारी संध्याकाळी सर खुर्चीत कोसळले आणि म्हणाले, "अरे, एक शब्द तरी बोला रे बाबांनो!" तेवीस पोरांनी त्यांच्याकडे फार मायेनं पाहिलं आणि तोंडं आणखी घट्ट मिटली.

शुक्रवार उजाडला. साहेब आले. खाली सतरंजीवर बसायला सांगितलं तर तिथेच बसले, माणूस साधा. पेनचं टोपण मात्र काढून ठेवलं होतं आणि कुंदन सरांची नजर त्या उघड्या पेनावरून हलत नव्हती.

दलपत पगडी सावरत पुढे आला. ओठ हलवले. मागे गेला.

"आवाज, बेटा," साहेब म्हणाले.

लुंगीवाला आला. ओठ हलवले. प्रिस्किला घागरा उचलून आली, छान गिरकी घेतली, ओठ हलवले. बाहेर एक कोकरू ओरडलं आणि त्या अर्ध्या तासात शाळेत उमटलेला तेवढाच काय तो आवाज.

साहेबांनी मान हलवली, पेन उचललं, मग काय वाटलं कुणास ठाऊक, खाली ठेवलं. "राहू द्या ते पंजाब-मद्रास," ते म्हणाले. "पोरांनो, मला असं सांगा, तुमच्या ओळखीचं, रोज दिसणारं, तुमच्यापेक्षा वेगळं असं कुणी माणूस आहे का? कोण? काय वेगळं करतं? करून दाखवा."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सगळ्यांनी कुंदन सरांकडे पाहिलं. प्रिस्किला उठली, दारात उभ्या असलेल्या जोसेफ सरांकडे गेली, त्यांना खाली वाकायला लावलं आणि त्यांच्या कानात बराच वेळ कुजबुजली. जोसेफ सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"कुंदन सर," ते म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर थांबा."

"मी?"

"पोरं म्हणतात."

स्वतःच्या वर्गातून बाहेर काढला गेलेला मास्तर तुम्ही पाहिला आहे का? कुंदन सर ओट्यावर जाऊन खिडकीच्या बाजूला भिंतीला चिकटून उभे राहिले. गेलं, ते मनात म्हणाले, आता ‘मुले बोलत नाहीत’च्या खाली ‘शिक्षक बाहेर उभे होते’ हेही लिहिलं जाणार.

आणि आत बांध फुटला. तेवीस तोंडं एकदम. शाळेची मराठी, घरची बोली, टीव्हीवरची हिंदी, सगळं एकात एक. कुंदन सरांनी खिडकीच्या गजांतून चोरून पाहिलं. प्रिस्किला त्यांच्या खुर्चीपाशी उभी होती. तिनं नसलेला रुमाल काढला, खुर्ची पुसली. रुमालाची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली, चार कोपरे जुळेपर्यंत. साहेब खो-खो हसले. मग तिनं चष्मा नसताना चष्मा वर सारला आणि म्हणाली, "लक्ष कुठाय? लक्ष कुठाय?" आणि आवाज असा हुबेहूब की कुंदन सरांनी ओट्यावर दचकून इकडेतिकडे पाहिलं.

मग तिनं खुर्ची फिरवली. भिंतीकडे तोंड केलं, मांडीवर पाटी ठेवली आणि जेवू लागली. त्याबरोबर वर्गातल्या बाकी सगळ्या पोरांनी, न सांगता, माना खाली घातल्या.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"सर जेवतात," दलपत म्हणाला. काय घणघणीत आवाज होता पोराचा! दोन वर्षांत सरांनी तो आज पहिल्यांदा ऐकला.

"भिंतीकडे तोंड करून?"

"त्यांच्यात तशीच रीत आहे," प्रिस्किला मान न वळवता म्हणाली. "खाली शहाद्याकडे सगळे तसेच जेवतात. जेवताना कुणी तोंड पाहिलं तर त्यांना अन्न पचत नाही. म्हणून आम्ही बघत नाही. मोगराआजी म्हणते, ज्याची त्याची रीत असते, हसायचं नाही."

"आम्ही कधीच हसलो नाही," दलपत छाती काढून म्हणाला. "माझ्या काकाच्या लग्नात बाबानं सरांसाठी घरामागे वेगळी जागा केली. भिंत सारवली. चादरी आईच्या नव्या होत्या. दुसऱ्या पाहुण्याला नाही दिल्या, सरांनाच दिल्या."

"आणि म्हणून घरी बोलवत नाही कुणी," आणखी एक जण म्हणाला. "चार माणसांत बसवलं तर उपाशी राहतील."

कुंदन सरांनी खिडकीचा गज घट्ट धरला.

"बरं, पण मग मघाशी बोलत का नव्हता रे?" साहेबांनी विचारलं.

"सर होते ना," प्रिस्किला म्हणाली, इतकी साधी गोष्ट साहेबांना कळू नये याचं तिला नवल वाटलं. "आमच्या बोलण्यानं त्यांचं डोकं दुखतं. पहिल्या दिवशी आम्ही बोललो तर त्यांनी असं केलं." आणि तिनं दोन्ही हातांनी डोकं गच्च धरलं, डोळे मिटले आणि कण्हली. "मग मोगराआजीनं सांगितलं, त्यांच्याकडची माणसं कमी बोलणारी असतील, त्यांना त्रास द्यायचा नाही."

पहिला दिवस! कुंदन सरांना तो दिवस आठवला. मोटरसायकल अजून आणली नव्हती, जीपमध्ये अठरा माणसांत दबून ती वळणं चढून आले होते, डोकं फुटत होतं आणि वर्गात येऊन त्यांनी ते हातात धरलं होतं. दोन मिनिटं. फार तर तीन. त्या तीन मिनिटांचा मान ही पोरं दोन वर्षं राखत आली होती, विंचवाच्या समोरसुद्धा! आपण मात्र घरी जाऊन बायकोला सांगितलं, मला वाळीत टाकलंय. कुंदन सरांना इतकी लाज वाटली की त्यांना डोंगर उतरून सरळ शहाद्याला चालत जावंसं वाटलं.

जोसेफ सर ओट्यावर आले. हसू दाबून त्यांचे खांदे हलत होते.

"तुम्हीही एकदा विचारलं नाहीत?" कुंदन सर म्हणाले.

"मला वाटलं, तुमच्यात असतंच," जोसेफ सर म्हणाले. "दोघा-तिघांना मीच सांगितलं होतं."

साहेबही बाहेर आले, डोळे पुसत. "पाटील, पोरं तर माझे कान किटवतात हो! पण आता लिहू काय? शिक्षक बाहेर गेले की मुले बोलतात? जेवू या आधी. तुमच्यासमोर बोलली तर बोलली म्हणेन. तिखट काही आहे का मोगराबाईंकडे?"

तर अशा रीतीनं शेरा टांगणीवरच राहिला आणि खिचडी आली. पंगत बसली. पळसाच्या पुड्या सुटल्या. साहेबांनी दलपतच्या पुडीतली सुकट मागून घेतली आणि मिटक्या मारू लागले. मोगराबाईनं सवयीनं सरांची खुर्ची भिंतीकडे वळवून ठेवली, पदरानं पुसलीही, आणि तेवीस माना शिस्तीत खाली गेल्या.

कुंदन सर डबा हातात घेऊन उभे राहिले. वास नेहमीसारखाच आला आणि पोट नेहमीसारखंच ढवळलं. रीत म्हणून सोडून द्यायचं, हे फार सोपं होतं. कुणालाच काही कळलं नसतं. उलट आता तर साहेबांसमोर त्या रितीवर शिक्कामोर्तब झालं होतं. खरं सांगितलं तर पोरांना काय वाटेल? दोन वर्षं ज्याला मान दिला, ते आपल्या जेवणाकडे वाकडं केलेलं तोंड होतं, हे कळलं तर ती आत्ता कुठे उघडलेली तोंडं पुन्हा मिटतील, आणि या वेळी कायमची.

त्यांनी खुर्ची बाजूला सारली आणि प्रिस्किला आणि दलपतच्या मधे, जमिनीवर, मांडी घातली. तोंड पंगतीकडे. मोगराबाईच्या हातातला डाव खाली पडला.

"सर, पचणार नाही!" दलपत घाबरून ओरडला आणि लगेच स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

"काढ तो हात," कुंदन सर म्हणाले. "बोल. तुमच्या बोलण्यानं माझं डोकं दुखत नाही. त्या दिवशी जीप लागली होती मला. आणि आमच्याकडे कुणी भिंतीकडे तोंड करून जेवत नाही. आमच्याकडे अशी रीतच नाही."

पंगतीत सगळे हात थांबले. प्रिस्किलानं विचार केला. मग तिनं नेमका तोच प्रश्न विचारला, ज्याची सरांना भीती होती. "मग तुम्ही का वळता?"

सरांनी साहेबांकडे पाहिलं नाही. "मला सुकटीचा वास सहन होत नाही. पोटात ढवळतं. ते तुम्हाला दिसू नये म्हणून वळत होतो. तुम्ही मला मान देत होतात आणि मी... मी नाक मुरडत होतो. चूक झाली माझी. फार मोठी चूक झाली."

दलपतनं हळूच आपली पुडी मिटायला घेतली, तशी कुंदन सरांच्या काळजाला चरका बसला. साहेबांचं बोटं चाटणं थांबलं. एवढी शांतता त्या शांत वर्गातही कधी झाली नव्हती. सरांना वाटलं, झालं, हरलो.

"म्हणजे वासच ना?" प्रिस्किला म्हणाली.

"हो."

"एवढंच?" तिनं दलपतकडे पाहिलं, दलपतनं तिच्याकडे पाहिलं, आणि एकाएकी पंगतीतली सगळी पोरं हसायला लागली, काही तर खिचडी सांडेपर्यंत.

"सर, वास तर तुमच्या डब्यालाही येतो," दलपत म्हणाला. "हिंगाचा. डबा उघडला की आम्हाला कसंतरीच होतं. शेवटच्या रांगेतला रेवजी तर पहिल्या आठवड्यात ओकला होता."

"दोनदा," रेवजीनं शेवटच्या रांगेतून अभिमानानं सांगितलं.

"मग... मला कधी बोलला नाहीत ते?" सरांनी विचारलं.

"तुमचं जेवण आहे ना ते," प्रिस्किला म्हणाली. "त्याला काय बोलायचं?"

कुंदन सरांनी डब्याच्या झाकणावर हात दाबून धरला होता. ते उघडावं की नाही, हेच त्यांना कळेना. "उद्यापासून हिंग घालू नको म्हणून सांगतो घरी," ते पुटपुटले.

"राहू द्या सर," प्रिस्किलानं त्यांच्या हाताखालचं झाकण काढून बाजूला ठेवलं आणि स्वतःची पुडी त्यांच्यापासून थोडी लांब, पण फार लांब नाही, अशी सरकवली. "आम्हाला सवय झाली आता. तुम्हाला पण होईल. दोन वर्षं लागतात."